राखणाऱ्याचे कर्तव्य

वाडवडिलांकडून आलेली प्रत्येक गोष्ट टाकाऊ नसते आणि प्रत्येक गोष्ट पवित्रही नसते. एवढे सगळ्यांनाच पटते. अवघड असते ते पुढचे: त्यातले काय राखायचे, काय सोडायचे आणि ते ठरवायचे कोणी? राजकीय विचारातला परंपरावाद, ज्याला जगभर कॉन्झर्वेटिझम म्हणतात, हे या प्रश्नाला दिलेले एक गंभीर उत्तर आहे. आज सकाळी ते नीट समजून घेऊ या. कारण त्याचा कैवार घेणारे आणि त्याच्यावर तुटून पडणारे, दोघेही बहुधा त्यातला अर्धाच भाग सांगतात.

या विचाराचा जनक मानला जाणारा एडमंड बर्क १७२९ साली डब्लिनमध्ये जन्मला आणि पुढे ब्रिटिश पार्लमेंटचा सभासद झाला. त्याच्या आयुष्यातला एक प्रसंग थेट मराठी इतिहासाशी जोडलेला आहे. १७८१ साली राघोबादादांचे वकील लंडनला गेले होते. हनुमंतराव नावाचे एक ब्राह्मण आणि त्यांच्यासोबत पारशी बापलेक. परमुलखात त्यांची आबाळ होत आहे हे कळल्यावर बर्कने त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेले आणि बागेतले मोठे काचघर त्यांच्या हवाली केले. तिथे हनुमंतराव आपल्या आचाराप्रमाणे स्नान करीत, स्वतःचे अन्न सोवळ्याने शिजवीत. तो आचार बर्कचा नव्हता. पण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली दुसऱ्याची रीत आपल्याला उमगत नाही म्हणून तिला हिणवू नये, ही त्याची वृत्ती होती.

याच वृत्तीने तो बंगालचा माजी गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्या विरोधात उभा राहिला. १७८८च्या फेब्रुवारीत वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये महाभियोग सुरू झाला तेव्हा बर्कचे आरंभीचे भाषण चार दिवस चालले. बनारसचा राजा चेतसिंग, अवधच्या बेगमा यांच्यावर झालेला जुलूम त्याने मांडला. इंग्लंडात जो अन्याय ठरतो, तो हिंदुस्थानात गेल्यावर न्याय कसा होईल, हा त्याचा सवाल होता. १७९५ साली हेस्टिंग्ज निर्दोष सुटला, पण बर्कचा सवाल इतिहासात कायम राहिला. परंपरावादाचा हा आद्य पुरुष सत्ताधाऱ्यांचा भाट नव्हता, हे म्हणूनच विसरता कामा नये. अमेरिकन वसाहतींशी बळजोरी न करता समेट करावा, असेही त्याने १७७५ साली पार्लमेंटला बजावले होते.

मग फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली आणि १७९० साली बर्कने तिच्यावर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. एका पिढीची अक्कल, ती कितीही तल्लख असली तरी, तोकडीच असते, हा त्याचा मुख्य मुद्दा. समाज म्हणजे फक्त आज जिवंत असलेल्यांचा करार नव्हे. जे गेले आणि जे अजून जन्मायचे आहेत, तेही त्यात भागीदार आहेत. म्हणून चालत आलेल्या संस्था एका फटक्यात मोडून कागदावर आखलेले नवे राज्य उभारू पाहिले, तर आधी अराजक माजेल आणि शेवटी एखादा सेनापती सत्ता बळकावेल, असे त्याने बजावले. बर्क १७९७ साली वारला. दोनच वर्षांनी नेपोलियनने फ्रान्सची सत्ता हातात घेतली.

पण त्याच ग्रंथात आणखी एक विधान आहे, आणि माझ्या मते या साऱ्या विचाराचा कणा तेच आहे. ज्या राज्याजवळ बदलाचे साधन नाही, त्याच्याजवळ स्वतःला टिकवण्याचेही साधन नाही, असे बर्क सांगतो.

पुढच्या शतकात या विचाराला दोन फाटे फुटले. जोसेफ द मेस्त्रसारख्या विचारवंतांनी राजसत्ता आणि धर्मसत्ता यांच्या पुनःस्थापनेचा आग्रह धरला. ब्रिटनच्या हुजूर पक्षाने मात्र बर्कची वाट धरली. १८३४च्या टॅमवर्थ जाहीरनाम्यात रॉबर्ट पीलने दोन वर्षांपूर्वीचा मतदान सुधारणेचा कायदा, ज्याला त्याच्या पक्षाने कडाडून विरोध केला होता, कायमचा म्हणून स्वीकारला. १८६७ साली त्याच पक्षाच्या डिझरायलीने शहरांतल्या अनेक कामगारांना मताचा हक्क देणारा कायदा पुढाकार घेऊन संमत करून घेतला. जर्मनीत १८८३ साली कामगारांचा आजारविमा आणला तो चॅन्सेलर बिस्मार्कने. समाजवाद्यांच्या शिडातली हवा काढणे हा त्याचा डाव होता, हे खरेच. तरी विमा कामगारांच्या पदरात पडला. विसाव्या शतकात अर्थतज्ज्ञ हायेकने या विचारावर नेमका आक्षेप घेतला: परंपरावादी बदलाचा वेग कमी करतात, दिशा मात्र त्यांना देता येत नाही. हा आक्षेप सहज झटकून टाकण्यासारखा नाही.

त्याहून मोठा आक्षेप मात्र आपल्या मातीतला आहे. ज्या सोवळ्याचा मान बर्कने राखला, त्याची दुसरी बाजू बीकन्सफील्डच्या काचघरातून दिसणे शक्य नव्हते. ती दिसली महाडला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला होता. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला. मग तळ्यात शेण-गोमूत्र ओतून त्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. हेही परंपरेच्याच नावाने झाले. गेलेल्यांचा आणि येणाऱ्यांचा करार म्हणताना त्या करारात ज्यांना कधी बसूच दिले नाही, त्यांचे काय, हा प्रश्न बर्कने विचारला नव्हता.

त्याच वर्षी डिसेंबरात महाडच्या दुसऱ्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या सभेची तुलना केली ती १७८९च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी, म्हणजे बर्कने जिच्यावर कोरडे ओढले तिच्याशीच. आणि तरी १९३६च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी बर्कचे तेच विधान आधाराला घेतले: ज्याला बदलता येत नाही, त्याला टिकताही येत नाही. राज्याबद्दल जे खरे, ते समाजाबद्दलही खरे, असे त्यांनी त्याला जोडून दिले. परंपरेचे चटके सोसलेल्या माणसाने परंपरेच्या सर्वांत मोठ्या वकिलाकडून नेमके सत्य तेवढे उचलले. परंपरावादाचा इतका न्याय्य कस दुसऱ्या कोणी लावल्याचे मला माहीत नाही.

पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने जी राज्यघटना साकारली, तिच्यात बदलाचे साधन आहे: कलम ३६८. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या १३ न्यायमूर्तींनी, सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने, त्या साधनाला मर्यादा घातली: संसद घटना दुरुस्त करू शकते, पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. बर्कचे दोन्ही धडे या एका निकालात एकत्र आले आहेत. बदल हवा, मोडतोड नको. आणि यात जे राखायचे ठरले ते काही थोड्यांचे सोवळे नव्हे. सर्वांना समान मानणारी चौकट आहे.

म्हणून मला वाटते, राखणे हे आळसाचे काम नाही. पूर्वजांनी दिले म्हणून कुलूप लावून ठेवणारा माणूस परंपरेचा फक्त पहारेकरी असतो. तिच्यातला अन्याय आधी स्वतः दूर करणारा तिचा खरा वारस असतो. यापुढे ‘ही आपली परंपरा आहे’ असे कोणी म्हणाले, तर त्याला उडवून लावू नका आणि मुकाट मानही तुकवू नका. दोन प्रश्न विचारा. हिच्यामुळे आजवर कोण सांभाळले गेले? आणि कोण दाराबाहेर राहिले? पहिल्याचे उत्तर मनापासून ऐका. दुसऱ्याचे उत्तर मिळाले की दार उघडायला स्वतः उठा.