गुपित कुठवर पाळावे?



पापनिवेदनात ऐकलेला एक शब्दही धर्मगुरूला बाहेर सांगता येत नाही. जीव गेला तरी नाही. मग सरकारला दिलेले गुप्ततेचे वचनही तितकेच अभंग असते का?

ब्रिटनमधील कॅथरीन गन यांच्यापुढे हा प्रश्न २००३ साली उभा राहिला. ‘जीसीएचक्यू’ या सरकारी हेरखात्यात त्या अनुवादक होत्या. गुप्ततेचा कायदा त्यांना बंधनकारक होता. इराक युद्धाच्या तोंडावर अमेरिकेकडून आलेला एक संदेश त्यांनी वाचला. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतील काही देशांच्या प्रतिनिधींचे बोलणे चोरून ऐकण्यासाठी त्यात मदत मागितली होती. त्यांनी तो कागद बाहेर दिला आणि २ मार्चला तो ‘ऑब्झर्व्हर’ने छापला. पुढे त्यांनी वरिष्ठांना स्वतःहून कबुली दिली. नोकरी गेली, खटला भरला गेला. फेब्रुवारी २००४ मध्ये सरकारी पक्षाने पुरावाच सादर केला नाही आणि त्या सुटल्या. युद्ध मात्र टळले नाही.

त्यांनी विश्वासघात केला का? संत थॉमस अक्वायनस दोन प्रकारची गुपिते सांगतात. पापनिवेदनात धर्मगुरू देवाचा सेवक म्हणून ऐकतो. ते गुपित कधीच उघड होत नाही. इतर गुपिते विश्वासाने सोपवलेली असतात आणि ती पाळलीच पाहिजेत. परंतु ज्यातून समाजाची किंवा एखाद्याची गंभीर हानी होणार, ते लपवण्याचे वचन बंधनकारक राहत नाही. हेरोद राजाने आपली शपथ पाळली, आणि योहानाचे शीर तबकात आले!

म्हणून वाटेल ते फोडावे असे नाही. सैन्याच्या हालचाली गुप्त राहण्यात अनेकांचे प्राण सुरक्षित असतात. बोलण्यापूर्वी स्वतःला विचारावे : हानी खरोखर गंभीर आहे का? दुसरा मार्ग उरला आहे का? मी गरजेपुरतेच सांगतो आहे ना? की मनात सूड आहे?

आपल्या देशातही १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आहे. मात्र गुप्ततेपेक्षा लोकहित मोठे ठरत असेल तर माहिती देता येईल, असे २००५ चा माहितीचा अधिकार कायदा सांगतो.

आपल्यातील कितीतरी जण कचेऱ्यांत काम करतात. उद्या त्यांच्यापैकी कुणी खरे बोलून नोकरी गमावली, तर आपण त्याच्या घरी जाऊ, की रस्ता बदलू?

तुमचा,
फादर