शेजाऱ्याचें गाणें आणि आपला अर्थ

नेवासें तालुक्यांत राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबाला एक प्रश्न फार दिवस टाळतां येत नाहीं. शके १२१२ मध्यें, म्हणजे इसवी सन १२९० च्या सुमारास, ज्ञानेश्वरांनीं गीतेवरील आपली टीका ह्याच गांवीं सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असें मानतात तो खांब अजून येथें आहे, व त्याच्या दर्शनास वारकरी दुरून येतात. त्या ग्रंथाच्या शेवटाजवळच्या नऊ ओंव्या म्हणजे पसायदान. तें आतां ग्रंथापुरतें राहिलेलें नाहीं. शाळेंत प्रार्थनेच्या वेळीं तें म्हणतात, सभा संपतांना म्हणतात. आपलीं मुलें त्या रांगेंत उभीं असतात, आणि घरीं येऊन तेंच गुणगुणतात. मग आईबाप विचारतात, आणि प्रश्न अखेर उपदेशकाच्या दारीं येतो: हें गाणें आपलें आहे काय? नसेल, तर तें म्हणण्यांत दोष आहे काय?

ह्यास दोन उत्तरें नेहमीं मिळतात. एक कडक: दुसऱ्याच्या देवाचें गाणें ओंठावर आणूं नये. दुसरें सोयीचें: त्यांत मूर्तीचें नांव कोठें आहे? विश्वाचा देव तो आपलाच देव, पापाचा अंधार घालविणारा सूर्य तो आपला ख्रिस्त. इतका अर्थ मनांत धरावा आणि खुशाल म्हणावें. मला अधिक काळजी ह्या दुसऱ्या उत्तराची वाटते, कारण तें उदार दिसतें आणि ऐकणाऱ्यास लगेच पटतें.

वाचकहो, तें गाणें स्वतः काय सांगतें हें आधीं पाहूं. वाणीचा यज्ञ पुरा करून ज्ञानदेव आपल्या देवाजवळ प्रसाद मागतो. मागणें स्वतःसाठीं नाहीं. वाइटांचा वाईटपणा जावा (वाईट माणसें जावीं असें नव्हे, हा भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे), जीवांत मैत्री व्हावी, ज्याला जें हवें तें त्याला मिळावें, सज्जनांची संगत सर्वांस लाभावी, असें तें मागणें आहे. इतकें ऐकून कोणाही ख्रिस्ती माणसाचें मन भरून येईल. परंतु गाणें तेथें थांबत नाहीं. आठव्या ओंवींत, हाच ग्रंथ ज्यांचें जीवन झाला आहे त्यांच्यासाठीं विशेष मागणें आहे; तो ग्रंथ म्हणजे त्याची गीतेवरील टीका, आपलें पवित्र शास्त्र नव्हे. नवव्या ओंवींत वर देणारा जो विश्वेश्वर आहे, त्याचा अर्थ पुष्कळ वारकरी श्रीगुरु निवृत्तिनाथ असाच घेतात. आणि शेवटीं ज्ञानदेवाची नाममुद्रा आहे. अभंगाच्या किंवा ओंवीच्या शेवटीं तुका, नामा, चोखा असें नांव येतें तें शोभेसाठीं नसतें. कागदावर साक्षीदाराची सही असते तसें तें आहे. हें बोलणें माझें, आणि मला ह्यांत हें म्हणावयाचें आहे, असा तो कबुलीजबाब आहे.

दुसऱ्याच्या सहीच्या कागदांत आपला मजकूर घालणें ह्याला व्यवहारांत काय म्हणतात तें कोणा शेतकऱ्यास सांगावयास नको. दहा आज्ञांपैकीं नववी आज्ञा शेजाऱ्याविषयीं खोटी साक्ष देऊं नये अशी आहे. आपण ती कोर्टकचेरीपुरती समजतों. पण शेजाऱ्याच्या संताच्या तोंडीं आपला अर्थ घालून, त्याला खरें म्हणजे हेंच म्हणावयाचें होतें असें सांगणें, ही साक्ष खरी कशी म्हणावी? उलट बाजूनें पाहा. येशू हा आमच्याच अवतारांपैकीं एक, तुमचीं भजनें नकळत विठ्ठलालाच पोंचतात, असें कोणी प्रेमानें म्हणालें तरी आपल्या मनाला कांहींतरी टोंचतें. हा माणूस आपलें ऐकून घेत नाहीं असें वाटतें. तेंच त्यालाही वाटत असेल.

ह्या गाण्यांत एक शब्द असा आहे कीं ज्याच्यावरून आपल्या लोकांची खरी परीक्षा होते. तो शब्द म्हणजे स्वधर्म. विश्वाला स्वधर्माचा सूर्य दिसावा असें मागणें तिसऱ्या ओंवींत आहे. ह्या शब्दानें आपल्यापैकीं कित्येकांना टोमणा मारला जातो: पाहा, तुम्ही आपला धर्म सोडलात, आणि मुलें मात्र हें गातात! त्यावर कोणी आपला उपदेशक उत्तर देतो कीं, ख्रिस्त हाच आतां माझा स्वधर्म, तेव्हां ओंवी माझ्याच बाजूची आहे. दोघेही सारखेच चुकतात. हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती अशीं नांवें ज्या रकान्यांत लिहितात तो रकाना म्हणजे धर्म, हा अर्थ पुष्कळ अलीकडचा आहे. गीतेच्या तिसऱ्या व अठराव्या अध्यायांत स्वधर्म म्हणजे ज्याचें त्याला नेमून दिलेलें कर्तव्य. आणि अठराव्यांत तें चार वर्णांच्या कर्मांसह सांगितलेलें आहे. ज्ञानेश्वर त्या गीतेचाच अर्थ सांगत होते. धर्मांतर चांगलें कीं वाईट हा प्रश्न त्या ओंवीपुढें नव्हताच.

पण एवढ्यानें मनाचें समाधान होतें काय? ज्यांच्या आजोबांना गांवानें नेमून दिलेलें कर्तव्य म्हणजे मेलेलें ढोर ओढणें आणि वेशीबाहेर राहणें हें होतें, त्यांच्या कानाला हा शब्द गोड लागणार नाहीं, आणि तो गोड लावून घ्यावा असें मी म्हणणार नाहीं. चोखामेळ्यासारख्या भक्ताची समाधि पंढरपुरास महाद्वारासमोर बाहेर आहे, हें आपण विसरत नाहीं. मात्र सत्य सांगावयाचें तर सगळें सांगितलें पाहिजे. परंपरा सांगते कीं ज्ञानेश्वर व त्यांची भावंडें संन्याशाचीं मुलें म्हणून स्वतःच वाळींत पडलीं होतीं, आणि पैठणास शुद्धिपत्रासाठीं जाऊन मग नेवाशास आलीं. अठराव्या अध्यायांत तर, वेद फक्त तीन वर्णांच्या कानांशीं बोलला म्हणून ते त्याला चिक्कू ठरवितात, आणि स्त्रीशूद्रांना दूर ठेवल्याची ही उणीव गीतेनें भरून काढली असें म्हणतात. तेव्हां ज्या ग्रंथांत तो बोंचणारा शब्द आहे त्याच ग्रंथांत ही करुणाही आहे. दोन्ही तेथें आहेत. एक झांकून दुसरें दाखविणारा, मग तो स्तुति करीत असो वा निंदा, गाण्याचा अर्थ सांगत नाहीं.

आतां कडक उत्तराकडे वळूं. दुसऱ्यांनीं वापरलेला शब्द वर्ज्य मानला तर देव, प्रभु, कृपा, भक्ति, मुक्ति हे सगळेच शब्द टाकावे लागतील आणि मंडळीला मुकेंच बसावें लागेल. १६१६ सालीं गोव्यांत फादर स्टीफन्सचें ख्रिस्तपुराण छापून निघालें तें ओंवींत. ह्याच जिल्ह्यांत, जो आतां अहिल्यानगर म्हणून ओळखला जातो, गेल्याच्या मागल्या शतकांत ख्रिस्ती कीर्तनें सुरू झालीं. आपल्या तालुक्यांत वडाळ्यास अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें होतें, व रेव्ह. फेअरबँक तेथें पुष्कळ वर्षें राहिले. शेजारच्या राहुरीस नारायण वामन टिळक राहत असत. १८९५ सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों असें ते सांगत. त्यांनीं अभंग लिहिले, आणि ख्रिस्ताला माउली व गुरु अशा दोन्ही नांवांनीं हांक मारली. माउली हा शब्द वारकऱ्यांचा, हें त्यांना ठाऊक होतें. पण आई जशी लेंकराचें सांत्वन करते तसें देव करितो हें यशयाच्या ग्रंथांतही आहे, आणि कोंबडी आपल्या पिलांना पंखांखालीं गोळा करिते ही उपमा स्वतः येशूची आहे.

टिळकांनीं केलें तें, आणि पसायदानांत ख्रिस्त घालणें, हीं एकच नव्हेत. गांवच्या खाणींतली माती आणून आपलें मडकें घडविणें निराळें, आणि शेजाऱ्याचें भरलेलें मडकें उचलून त्यावर आपलें नांव काढणें निराळें. भाषा ही सगळ्यांची खाण आहे. रचना ज्याची त्याची.

प्रेषित पौल अथेन्स येथें बोलला तेव्हां त्यानें ग्रीक कवीचें वचन घेतलें. मनुष्यें देवाचीं लेंकरें आहेत अशा अर्थाचें तें वचन आराटस नांवाच्या कवीच्या काव्यांत आढळतें, आणि त्या काव्यांतला देव झ्यूस होता. पौलानें तें लपविलें नाहीं. हे तुमचेच कवि आहेत असें त्यानें उघड म्हटलें, गाण्याची मालकी त्यांच्याकडेच ठेवली, आणि मग आपल्याला काय सांगावयाचें तें आपल्या शब्दांत सांगितलें. आपल्या मिशनचे जस्टिन अॅबट ह्यांनीं महीपतीच्या भक्तविजयाचें इंग्रजी भाषांतर पंडित नरहर गोडबोले ह्यांच्यासह केलें व तें १९३३ सालीं प्रसिद्ध झालें. महीपति हे राहुरीकडच्या ताहराबादचे. अॅबट साहेबांना संतांत ख्रिस्ती उपदेश मिसळावयाचा असता तर भाषांतरासारखी सोयीची जागा दुसरी नव्हती. त्यांनीं महीपतीला महीपतीचेंच बोलूं दिलें.

तेव्हां उपदेशकानें आईबापांना काय सांगावें? माझें मत असें कीं मुलाला रांगेंतून बाहेर काढूं नये, आणि खोटा अर्थही शिकवूं नये. हें गाणें ज्ञानदेवाचें. त्यानें तें आपल्या गुरूपुढें व आपल्या देवापुढें म्हटलें. त्यांतल्या पुष्कळ गोष्टी आपणही मागतों, त्या आपल्या पित्याजवळ येशूच्या नांवें मागतों. कांहीं गोष्टी आपण मागत नाहीं. सात वर्षांच्या मुलाला इतकें कळतें. समजून गावें असें पौलानें करिंथच्या मंडळीला लिहिलें तें अशाच कारणासाठीं. मोठ्यांपैकीं कोणाचें मन स्वधर्म ह्या शब्दाशीं अडत असेल तर त्यानें तेथें उगी राहावें. त्याला कोणी भित्रा म्हणूं नये, आणि म्हणणाऱ्याला कोणी बाटगा म्हणूं नये. ह्या दोन शब्दांनीं मंडळ्यांत पूर्वीं कमी भांडणें झालेलीं नाहींत.

आणि नाताळांत आपल्या भजनाला गांवचे वारकरी येऊन बसतात, तेव्हां टिळकांचा अभंग संपल्यावर, तुमची ही माउली कोण, असें एखादे बुवा विचारतात. पुष्कळदां आपले लोक हंसून, आपली एकच हो, असें म्हणतात व चहा पुढें करितात. चहा अवश्य द्यावा. पण बुवांनीं खरा प्रश्न विचारलेला असतो, आणि रात्र अजून पुष्कळ उरलेली असते.