परक्या मुलखाविषयीची साक्ष

शिक्षणासाठी परदेशी गेलेला मुलगा सुट्टीत घरी आला की नातलग त्याला हमखास दोन प्रश्न विचारतात. तिकडे हलाल मिळते का? आणि तिकडचे लोक कसे आहेत? पहिल्याचे उत्तर तो चौकशी करून देतो, दुसऱ्याचे मनाला येईल तसे. वाचकहो, दुसरा प्रश्नही तितकाच दीनचा आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही. एखाद्या समाजाविषयी मत सांगणे म्हणजे साक्ष देणे होय. साक्ष देणाऱ्याला अल्लाहपुढे जाब द्यावा लागतो.

हे मी दुसऱ्यांना उपदेश करण्यासाठी लिहीत नाही. जर्मनीतील एका विद्यापीठाच्या वसतिगृहात मी दोन वर्षे राहिलो. मजल्यावर आठ विद्यार्थी आणि स्वयंपाकघर एकच. फ्रिजच्या दारावर साफसफाईच्या पाळ्यांचा तक्ता लावलेला असे. माझी भांडी मी वेगळी ठेवत होतो, नमाज वेळेवर अदा करत होतो, आणि आपण इतरांहून स्वच्छ जीवन जगतो असे मला मनोमन वाटत होते. त्या वर्षी रमजान जूनमध्ये आला. त्या दिवसांत तिकडे सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो आणि पहाट फार लवकर होते. त्या महिन्यात माझी पाळी दोनदा आली आणि दोन्ही वेळा मी झोपून राहिलो. तरीही स्वयंपाकघर स्वच्छ दिसले. कोणाचे लक्ष नाही, असे समजून मी गप्प बसलो.

ईदनंतर कळले की माझे काम शेजारच्या खोलीतील मुलाने केले होते. मी विचारले तेव्हा तो एवढेच म्हणाला, की तुझे उपवास चालले होते, म्हणून तुला उठवले नाही. याच मुलाचे वर्णन मी वर्षभर अम्मीला फोनवर ‘तो दारू पिणारा’ एवढेच करत आलो होतो. तो दारू पीत होता, हे खरे होते. मी एकही खोटे वाक्य बोललो नव्हतो, तरीही माझी साक्ष खोटी होती, कारण तिचा अर्धा भाग मी दडवला होता. आणखी एक गोष्ट मला अधिक बोचली. शेजाऱ्याचा हक्क ही माझ्या दीनची शिकवण. रोजा माझा आणि त्याचे ओझे मात्र दुसऱ्याच्या खांद्यावर, अशी मुभा मला कोणी दिली होती?

या संदर्भात मला वारंवार आठवतात ते मिसरचे रिफाआ तहतावी. 1826 साली मुहम्मद अली पाशाने चाळीसहून अधिक विद्यार्थी शिक्षणासाठी पॅरिसला पाठवले. त्यांच्या नमाजची व्यवस्था पाहण्यासाठी अल्-अझहरमध्ये शिकलेले तरुण तहतावी इमाम म्हणून सोबत गेले. त्यांचे गुरू हसन अल्-अत्तार यांनी त्यांना, जे पाहशील ते लिहून ठेव, असे सांगितले होते. इमाम म्हणून गेलेले हे गृहस्थ तिकडे स्वतःच विद्यार्थी झाले. ते फ्रेंच भाषा शिकले, अनुवादाची विद्या शिकले आणि पाच वर्षांनी, 1831 साली, मायदेशी परतले. 1834 मध्ये त्यांचे पॅरिसविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच्या अरबी नावातला ‘इब्रीझ’ हा शब्द शुद्ध सोन्याचा वाचक आहे. पॅरिसचे वर्णन करणे म्हणजे खनिजातून सोने वेगळे काढणे, असा त्या नावाचा भाव आहे.

सुरुवातीलाच तहतावी अल्लाहला साक्षी ठेवतात. आपण सत्य सोडणार नाही, आणि जे शरीअतच्या विरोधात नसेल तेवढेच चांगले म्हणू, असे ते सांगतात. दोन्ही वचने ते पाळतात. मार्सेय बंदरातील कॉफीगृहाच्या आरशांनी आपली कशी फसगत झाली, हे ते मोकळेपणाने सांगतात. प्रत्येकाची थाळी, पेला आणि काटा-चमचा वेगळा असतो, ही रीत ते बारकाईने नोंदवतात. फ्रेंचांची ज्ञानाची ओढ, स्वच्छता आणि उद्योगीपणा यांची ते वाखाणणी करतात. जिथे त्यांना कंजूषपणा दिसला, किंवा केवळ बुद्धीवर भिस्त ठेवून धर्म बाजूला सारलेला दिसला, तिथे त्यांनी तेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले. फ्रान्सची राज्यघटना त्यांनी अरबीत आणली. ज्याला फ्रेंच लोक स्वातंत्र्य म्हणतात, त्याला आपल्याकडे अदल आणि इन्साफ म्हणतात, असे त्यांनी आपल्या वाचकांना समजावले. परक्या समाजातील चांगले पाहताना त्यांना स्वतःचा दीन सोडावा लागला नाही, आणि दीन सांभाळताना डोळे मिटावे लागले नाहीत.

येथे कोणी म्हणेल, परक्यांची स्तुती केल्याने आपल्या मुलांचे ईमान दुबळे होईल. ही काळजी प्रामाणिक आहे आणि तिचा आदर केला पाहिजे. पण जरा विचार करा. ज्या मुलाला आपण केवळ तिकडचे दोषच सांगून पाठवतो, त्याला पहिल्याच महिन्यात एक सज्जन शेजारी भेटतो. मग त्याच्या मनात शंका उभी राहते, की वडीलधाऱ्यांनी हे चुकीचे सांगितले, तर बाकीचेही तसेच नसेल कशावरून? अर्ध्या साक्षीने ईमानचे रक्षण होत नाही, उलट वडीलधाऱ्यांवरचा विश्वास ढळतो.

याच्या उलट चूक करणारेही आहेत. चार वर्षे बाहेर राहून आले की त्यांना आपल्या गावातले सगळेच मागासलेले वाटू लागते. आजारी शेजाऱ्याच्या घरी न बोलावता डबा पोहोचवणारी आपली वस्ती त्यांना दिसत नाही. तिकडे वृद्ध माणूस कित्येक दिवस कोणाशी न बोलता एकटा राहतो, हे त्यांनी पाहिलेले असते, पण ते सांगत नाहीत. त्यांचीही साक्ष अर्धीच.

सूरह माइदामध्ये, एखाद्या समुदायाविषयी मनात वैर असले तरी न्याय सोडू नये, अशी ताकीद आहे. मग ज्यांच्याशी आपले वैरही नाही, ज्यांच्या देशात आपण शिकतो, त्यांच्याविषयी न्याय किती आवश्यक ठरतो! मक्केत जुलूम वाढला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या साथीदारांना हबशाला पाठवले. तेथील राजा ख्रिस्ती होता. त्याच्या राज्यात कोणावर अन्याय होत नाही, हे प्रेषितांनी उघडपणे सांगितले. श्रद्धेतील भेद त्या न्यायी राजाच्या गुणावर पडदा टाकू शकला नाही.

तेव्हा परदेशी निघालेल्या विद्यार्थ्याने तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखाव्यात. जे फर्ज आहे ते सोडू नये. दारूचा पेला पुढे आला तर नम्रपणे नाकारावा, समोरच्याचा अपमान करू नये. जी केवळ रूढी आहे, मग ती काट्या-चमच्याची असो वा पोशाखाची, तिच्यासाठी भांडू नये आणि तिच्यापुढे दिपूनही जाऊ नये. आणि जो सद्गुण आहे तो कोणाचाही असला तरी आपलाच समजून घ्यावा. पाळी न चुकवणे, वेळ पाळणे, कोणी पाहत नसतानाही तिकीट काढणे, या गोष्टी अमानतीच्या आहेत. त्या आपल्याला कोणत्याही परक्या देशाने शिकवाव्या लागू नयेत, आणि तिथे दिसल्या तर कबूल करताना लाजही वाटू नये.

अम्मीला मी नंतर त्या शेजाऱ्याची पूर्ण हकीकत सांगितली. ती काही वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “त्याची पाळी तू कधी केलीस का रे?” पुढच्या परीक्षांच्या दिवसांत मी ती केली.

वाचकहो, आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी परत येईल तेव्हा त्यांना दुसरा प्रश्न अवश्य विचारा, आणि पूर्ण उत्तर ऐकण्याची तयारी ठेवा. अल्लाह आपल्याला न्यायाने पाहण्याची आणि न्यायाने बोलण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.