दम्याचं मूल आणि पुण्याची वाट

भोर-वेल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात लहान मुलाला वरचेवर धाप लागू लागली, की घरात दम्याचं नाव काढायला कुणी धजत नाही. छाती भरलीय, कफ झालाय, पोट उडतंय, असंच म्हटलं जातं. मुलगी असेल तर अधिकच जपून, कारण पुढे तिच्या लग्नात अडचण येईल ही धास्ती. मग नसरापूरला किंवा कापूरहोळला नेऊन वाफ दिली जाते, एखादं इंजेक्शन होतं आणि मूल त्या रात्री शांत झोपतं. काही आठवड्यांनी पुन्हा तेच. शेवटी कुणीतरी सांगतं, ‘एकदा पुण्याला मोठ्या डॉक्टरला दाखवा.’

सल्ला योग्य आहे, पण अपुरा आहे. दम्याच्या बहुतेक मुलांना तज्ज्ञाची गरज वर्षातून एक-दोनदा पडते. रोज लागतं ते औषध, आणि ते नीट घेतलं जातंय का हे पाहणारं जवळचं माणूस. तज्ज्ञापर्यंतची वाट आपण कशीबशी काढतो. तिथून परतल्यावरचे तीनशे दिवस मात्र कुणाच्याच जबाबदारीत नसतात. मुलं पुन्हापुन्हा अत्यवस्थ होतात ती याच काळात.

झटका ओसरला म्हणजे दमा गेला असं नसतं. श्वासनलिकांना आतून आलेली सूज मूल खेळत-बागडत असतानाही टिकून असते. साल्ब्युटॅमॉलचा पंप आवळलेली नळी काही तासांपुरती सैल करतो, सूज उतरवत नाही. ते काम ब्युडेसोनाइडसारख्या श्वासातून रोज घ्यायच्या स्टिरॉइडचं. २०१९च्या जागतिक रोगभार अंदाजानुसार जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात होते, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी तब्बल ४३ टक्के भारतात झाले. या दोन आकड्यांतली दरी बऱ्याच अंशी निदानाच्या आणि औषधाच्या अभावाची आहे. दम्याची लक्षणं असलेल्यांपैकी बहुतेकांचं निदानच झालेलं नसतं, आणि ज्यांचं झालं त्यांतही रोजचा प्रतिबंधक पंप घेणारे फारच थोडे, हे ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या भारतातल्या पाहणीत दिसलं.

‘पंप लागला की सुटत नाही’ ही समजूत या दरीचं एक मोठं कारण आहे. आईबापांना ती भीती वाटते यात त्यांचा दोष नाही, कुणी बसून समजावलेलंच नसतं. श्वासातून जाणारं स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळी-इंजेक्शनातलं मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजारपट मोठ्या मापाने. दीर्घकाळ घेतल्यास मुलाच्या उंचीत सरासरी सुमारे एक सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. तोही लपवू नये. पण वारंवार दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांची आणि अर्धवट श्वासात काढलेल्या रात्रींची किंमत त्याहून कितीतरी मोठी आहे, हेही त्याच बैठकीत सांगायला हवं.

पुण्यातल्या डॉक्टरला मुलाची छाती ऐकून जे कळतं, त्यापलीकडचं बरंच इथल्या वर्षचक्रात आहे. उन्हाळ्यात भातरोपांसाठी राब भाजतात, तेव्हा धूर शिवारभर पसरतो. पावसाळ्यात भिंती ओल धरतात, बुरशी चढते, ओल्या लाकडांची चूल धुमसते, डासांसाठी कॉइल लावतात. दिवाळीच्या सुमारास भाताची झोडणी आणि तुसाची धूळ. कोणत्या घरात चूल आत आहे, कोणत्या घरी गोठा भिंतीला लागून आहे, हे आशाताईला ठाऊक असतं. ही माहिती उपचाराचाच भाग आहे, पण ती केसपेपरवर कधी येत नाही.

भोरपासून पुणं पन्नासेक किलोमीटर. पण हिर्डोशी, शिरगाव, किंवा वेल्ह्यातलं, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातलं, केळद धरलं तर आधी तालुक्याला पोचण्यातच सकाळ जाते. पुढे एसटीने स्वारगेट, तिथून रुग्णालय, रांग, तपासणी. दिवसाची मजुरी बुडते. पावसात धाप वाढते, आणि नेमकी तेव्हाच भातलावणी असते. दुसऱ्या तपासणीला न गेलेल्या आईला कुणी निष्काळजी म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं.

हे काम गावाजवळच होऊ शकतं. फिनलंडने १९९४मध्ये दम्यासाठी दहा वर्षांचा राष्ट्रीय कार्यक्रम घेतला. त्याचा कणा होता स्थानिक आरोग्य केंद्रांतले डॉक्टर, परिचारिका आणि गावोगावचे औषधविक्रेते. प्रत्येक ठिकाणी दम्याची जबाबदारी नेमून दिलेली माणसं होती. दहा वर्षांत दम्यापायी रुग्णालयात काढावे लागणारे दिवस निम्म्यावर आले. तो श्रीमंत देश आहे, हे खरं. पण केप टाउनमध्ये हेदर झार यांच्या चमूने १९९९मध्ये दाखवून दिलं, की अर्धा लिटरच्या प्लॅस्टिक बाटलीला पंपाच्या मापाचं भोक पाडून, पंप बसवल्यावर उरलेली फट नीट बंद केली, तर तो घरगुती स्पेसर, म्हणजे पंपाला जोडून औषध श्वासात घ्यायची नळी, विकतच्या स्पेसरइतकंच काम देतो. ते काम श्रीमंतीवर अडलेलं नव्हतं.

आपल्याकडेही सांगाडा आहे. २०१३पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतात, आणि त्यांच्या यादीत श्वासनलिकांचा हा आजार आहे. ई-संजीवनी या दूरवैद्यक सेवेवरून उपकेंद्रात बसून तज्ज्ञाशी बोलता येतं. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. तरीही महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा भर दाखल होणाऱ्या रुग्णांवर आहे. म्हणजे मूल खाटेवर येईपर्यंत त्या योजनेचा पैसा त्याच्यापाशी पोचत नाही, आणि खाट टाळणारा पंप अनेकदा घरच्या खिशातून घ्यावा लागतो. ब्युडेसोनाइड आणि स्पेसर प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बारा महिने मिळायला हवेत. तालुक्याला आणखी एक इमारत बांधण्याआधी मी हे मागेन.

पुण्याला मात्र न चुकता, वेळ न दवडता न्यावं अशीही मुलं आहेत. ज्यांना पहिल्या वर्षातच धाप लागू लागली, ज्यांचं वजन वाढत नाही, ओला खोकला आठवडेच्या आठवडे हटत नाही, रोजचा पंप नीट घेऊनही झटके येतात, किंवा एकदा अतिदक्षता विभागात जावं लागलं. अशा मुलांत क्षयरोग, अडकलेला शेंगदाणा, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जन्मजात दोषही असू शकतो. निदान पारखायला तज्ज्ञच लागतो. जाताना पंप आणि स्पेसर सोबत न्यावेत, मूल ते कसं घेतं हे डॉक्टरांसमोर करून दाखवावं, आणि परतताना मराठीत एक कागद लिहून मागावा: रोज काय, धाप वाढली तर किती, आणि ओठ निळे पडले, बोलता येईना, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, तर लगेच १०८. त्याची एक प्रत शाळेत आणि एक आशाताईकडे द्यावी, जून लागायच्या आत.