अर्ध्या मार्काची धार

आमचा पुतण्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. दिवाळीला घरी आला आणि आजीच्या विळीचा पाट डुगडुगतो म्हणून त्याने त्याला लोखंडी पट्टी ठोकून दिली. विळी पक्की झाली खरी; पण करंज्यांसाठी नारळ खोवताना आजीचे बोट कापले. तेही पात्याने नव्हे, त्या पट्टीच्या कडेने!

“कड कानशीने मारायची राहिली,” तो ओशाळून म्हणाला. “वर्कशॉपमध्ये याला फार तर अर्धा मार्क जातो, काका.”

हा अर्धा मार्क माझ्या मनातून जाईना. वर्कशॉपमध्ये मुले दोन दोन आठवडे एक तुकडा घासतात. त्याला ‘जॉब’ म्हणतात. मास्तर तो मोजतात, मार्क देतात, आणि जॉब भंगारात जातो. तो कुणाच्याच हाती पडायचा नसतो, मग कड बोचली तर बोचणार कुणाला? तिथली चूक करणाऱ्याच्याच खाती जमा होते, आणि अर्ध्या मार्काचे कर्ज कुणालाही परवडते. बाहेरच्या जगात ती दुसऱ्याच्या बोटावर फिटते.

कुणी म्हणेल, इंजिनियर म्हणजे काही मिस्त्री नव्हे. कबूल. पूल आधी बांधून, पाडून पाहता येत नाही. तिथे गणितच हवे. आणि बाकीचे कारखान्यात शिकेलच की, असेही म्हणतील. शिकेल, पण कुणाच्या बोटावर? पदवीपूर्वी प्रत्येकाने निदान एक वस्तू आखून, घडवून, ओळखीच्या माणसाच्या हाती द्यावी आणि वर्षभर तिची गाऱ्हाणी ऐकावी, असे मला वाटू लागले आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत. पुढे १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो घेईनात! हा धडा कुठल्या फळ्यावर लिहिलेला असणार? तो गिऱ्हाइकाच्या दारातच मिळायचा.

संध्याकाळी मुलांचा किल्ला अर्धवट टाकून पुतण्या ओट्यावर पट्टी घासत बसला. आजीने चिंधी बांधलेले बोट सांभाळत दुसऱ्या हाताचे बोट कडेवरून फिरवले.

“इथं अजून लागतंय रे,” ती म्हणाली.

त्याने पुन्हा कानस उचलली.