दार न लावणारा प्रशिक्षक

20 डिसेंबर 2015. मडगावचं फातोर्डा मैदान, इंडियन सुपर लीगची अंतिम लढत. 87व्या मिनिटाला जोफ्रेनं गोल केला आणि एफसी गोवा 2-1 असा पुढे गेला. आता फक्त वेळ काढायचा होता. चेंडू कोपऱ्यात नेऊन अडवून धरायचा, थ्रो-इनला रमतगमत जायचं. गल्लीतल्या पोरांनाही हे जमतं. पण 90व्या मिनिटाला गोलरक्षक कट्टीमनीकडून स्वयंगोल झाला आणि भरपाईच्या वेळेत मेंडोझानं चेन्नईयिनचा तिसरा गोल मारला. गोव्याचा प्रशिक्षक होता झिको. ही गोष्ट त्याला नवी नव्हती.

5 जुलै 1982, बार्सिलोनाचं सारिया मैदान. ब्राझीलच्या मधल्या फळीत झिको, सॉक्रेटिस, फाल्काव, सेरेझो. इटलीविरुद्ध बरोबरी झाली तरी उपांत्य फेरी नक्की होती. 68व्या मिनिटाला फाल्कावनं 2-2 केले. दुसरा कुठलाही संघ तिथून मागे सरकला असता. ब्राझील चढाया करत राहिला, 74व्या मिनिटाला पाओलो रॉसीनं तिसरा गोल केला आणि त्या संघाचा विश्वचषक तिथंच संपला. त्या पराभवावर जगभर जेवढं प्रेम झालं, तेवढं कित्येक विजेत्यांच्याही वाट्याला आलेलं नाही.

मग 12 जून 2006, जर्मनीतलं कायझरस्लाउटर्न. झिको आता जपानचा प्रशिक्षक. ऑस्ट्रेलियाविरुद्ध 84व्या मिनिटापर्यंत जपान 1-0 नं पुढे, आणि पुढच्या आठेक मिनिटांत तीन गोल खाऊन 3-1 नं हरलेला.

तीन देश, तीन पिढ्या, माणूस एकच. स्वयंगोल हे नशीब, त्याचं खापर झिकोवर फोडता येणार नाही. पण शेवट तीनदा असा व्हावा, याला योगायोग म्हणायला मन धजत नाही. मैदान सोडलं तरी खेळाडूचा स्वभाव सुटत नाही. प्रशिक्षक होऊन तो परदेशी जातो तेव्हा सामानाबरोबर हा स्वभावही जातो. झिकोला दार उघडायला येत होतं, लावायला नाही. जे स्वतःला कधी करावंसं वाटलं नाही, ते दुसऱ्याला कसं शिकवणार?

जपानमध्ये त्याच्या आधीचा फिलिप ट्रुसिए शिस्तीचा कडक. कोणी कुठं उभं राहायचं हे आखून देणारा. झिकोनं आखणी सैल केली, मैदानावरचे निर्णय खेळाडूंवर सोडले. बेशिस्त म्हणून टीका झाली आणि ती सगळी खोटी नव्हती. पण 2004 च्या आशियाई चषकात चोंगछिंगला जॉर्डनविरुद्ध पेनल्टी शूटआउट आलं. जपानच्या पहिल्या दोघांचे पाय ओल्या, सुट्या हिरवळीवर घसरले आणि दोन्ही फटके वाया गेले. तेव्हा कर्णधार मियामोतो स्वतः पंचांकडे गेला, ही जागा खेळण्यालायक नाही हे त्यानं पटवून दिलं आणि शूटआउट दुसऱ्या बाजूच्या गोलवर हलवायला लावलं. जपान तो सामना जिंकला, पुढे चषकही. ज्याला आयुष्यभर आज्ञा पाळायलाच शिकवलंय, तो असा उठून जाईल? मला नाही वाटत.

म्हणून झिकोला अपयशी प्रशिक्षक म्हणणं मला पटत नाही. फेनरबाचेला त्यानं 2007 मध्ये तुर्की लीग जिंकून दिली, पुढच्याच हंगामात चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेलं. 2016 ला मात्र गोवा तळाला राहिला आणि झिकोचा तिथला मुक्काम संपला.

त्याचं खरं काम जपानमधल्या काशिमा क्लबात झालं, तेही बहुतेक प्रशिक्षकाच्या खुर्चीवर न बसता. 1991 मध्ये, निवृत्ती आणि ब्राझीलच्या क्रीडा खात्याचा कारभार आटोपून, तो एका पोलाद कंपनीच्या दुय्यम संघात खेळायला गेला; हाच संघ पुढे काशिमा झाला. 1993 मध्ये जे-लीग सुरू झाली तेव्हा वयाच्या चाळिशीत त्यानं नागोयाविरुद्ध पहिल्याच सामन्यात हॅटट्रिक केली. आज त्या क्लबच्या नावावर जे-लीगची सर्वाधिक विजेतेपदं आहेत आणि स्टेडियमबाहेर झिकोचा पुतळा. 2018 मध्ये तो तिथं परतला, तांत्रिक संचालक म्हणून. त्याच वर्षी काशिमानं आशियाई चॅम्पियन्स लीग पहिल्यांदा जिंकली.