धरणारा, मारणारा आणि दाराशी उभा असलेला

खुनाच्या फिर्यादी वाचायची सवय लागली की एक क्रियापद सारखं भेटतं: धरलं. बांधावरून भांडण झालेलं असतं. ‘आरोपी क्र. १ याने कुऱ्हाडीने डोक्यात वार केला, क्र. २ याने काठीने मारले व क्र. ३ व ४ यांनी मयतास पकडून धरले.’ क्र. १ थोरला भाऊ, क्र. २ धाकटा, क्र. ३ त्याचा कॉलेजात जाणारा मुलगा आणि क्र. ४ कधीकधी सत्तरीची म्हातारी. वार मोजता येतात, शवविच्छेदनाच्या अहवालात त्यांची लांबी-खोली सेंटिमीटरमध्ये लिहिलेली असते. धरल्याची खूण मात्र अंगावर राहतेच असं नाही. त्यामुळे ज्याला गुंतवायचं आहे पण ज्याच्या नावावर लावायला जखम उरलेली नाही, त्याच्या वाट्याला फिर्यादीत ‘धरणं’ येतं. ज्याने खरोखर धरलं त्याच्याही वाट्याला तेच. कागदावर दोन्ही वाक्यं हुबेहूब सारखी दिसतात. खाली ‘कलम ३०२ सह ३४’ असं लिहिलं की काम झालं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि आकडे बदलले, ३४ चं ३(५) झालं. वाक्य तेच आहे.

दुसऱ्याच्या हातून झालेल्या गुन्ह्यात आपला वाटा किती, हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. तलवार सुमेरसिंग गारद्याची; तुळाजी पवाराने त्यांना ओढलं असं सांगतात. या दोघांच्या मागे राघोबादादा आणि त्यांच्या मागे ती प्रसिद्ध चिठ्ठी. दादांनी लिहिलं ‘धरावे’, आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला. ती चिठ्ठी कुणाच्या हाती लागलेली नाही आणि आनंदीबाईंवरचा आळ सिद्ध झालेला नाही. तरीही अडीचशे वर्षं लोकांनी ही गोष्ट जपली, भाषेत तिचा वाक्प्रचार केला. मला वाटतं, खुनाची सगळी साखळी एका अक्षरात उभी राहते म्हणून ती टिकली. ‘ध’ लिहिणारा, ‘मा’ करणारी, चिठ्ठी पोचवणारा, पाय ओढणारा, वार करणारा. यातला खुनी कोण?

रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, अशी परंपरा आहे. तलवार दादांच्या हातात नव्हती, हा बचाव शास्त्रीबोवांना पटला नाही आणि पटण्यासारखाही नव्हता. ज्या ग्रंथपरंपरेत ते वाढले तिने हात आणि डोकं यांचा हिशेब कधीच मांडून ठेवला होता. आपस्तंबाच्या धर्मसूत्रात करवून घेणारा, संमती देणारा आणि करणारा असे तिघेही कर्मफळाचे भागीदार आहेत, आणि ज्याचा पुढाकार मोठा त्याचं फळ मोठं. याज्ञवल्क्य स्मृती आणखी व्यवहारी आहे. चोराला किंवा मारेकऱ्याला जाणूनबुजून जेवण, आसरा, विस्तव, पाणी, सल्ला, हत्यारं किंवा वाटखर्च देणाऱ्याला तिथे जबर दंड आहे. जो दुसऱ्याकरवी साहस, म्हणजे बळजबरीचा गुन्हा, घडवून आणतो त्याला दुप्पट दंड. आणि जो ‘पैसे मी देतो, तू कर’ म्हणून ते करवतो त्याला चौपट. मुंबईने ज्याला ‘सुपारी’ हे नाव दिलं त्याचं हे शेकडो वर्षांपूर्वीचं दरपत्रक. आजचा कायदा सुपारी देणाऱ्याला फार तर मारणाऱ्याइतकीच शिक्षा देतो. मला चौपटीचा हिशेब जास्त प्रामाणिक वाटतो.

इंग्रजांचा जुना कायदा या बाबतीत फारच अवघडलेला होता. प्रत्यक्ष करणारा पहिल्या पायरीवर, जागेवर उभं राहून मदत करणारा दुसऱ्या, आधी चिथावणारा वेगळा, नंतर लपवणारा वेगळा. मुख्य गुन्हेगार दोषी ठरेपर्यंत चिथावणाऱ्यावर खटलाच पुरा होत नसे. मुख्य गुन्हेगार पळाला किंवा मेला की चिथावणारा सुटला. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये हिंदुस्थानासाठी मसुदा केला तेव्हा अपप्रेरणा हा स्वतंत्र गुन्हा करून टाकला. १८६० च्या दंडसंहितेतलं एक उदाहरण असं: अ ने ब ला क चा खून करायला सांगितलं, ब ने नकार दिला. तरीही अ दोषी. खून झालाच नाही, पण शब्द तोंडातून गेला होता.

आणि शब्द एक, कृत्य भलतंच झालं तर? म्हणजे ‘ध’चा ‘मा’च. संहितेत त्याचंही उदाहरण आहे. रात्री वस्तीच्या घरात दरोडा घालायला दोघांना पाठवलं, हत्यारंही पुरवली; घरच्यांनी विरोध केला आणि खून झाला. तो खून त्या पाठवणीचा संभाव्य परिणाम असेल तर पाठवणारा खुनालाही जबाबदार. समजा, राघोबांनी खरंच फक्त ‘धरावे’ लिहिलं होतं. पगार थकल्याची ओरड करणारे हत्यारबंद गारदी वाड्यात घुसवून ‘फक्त धरा’ म्हणणाऱ्याला मेकॉलेच्या संहितेपुढे ते एक अक्षर वाचवू शकलं असतं असं मला वाटत नाही.

खरी अडचण लांबून सांगणाऱ्याची नाही, जवळ उभ्या राहणाऱ्याची आहे. कलम ३४ मूळ १८६० मध्ये लिहिलं तेव्हा त्यात एवढंच होतं की अनेकांनी मिळून कृत्य केलं तर प्रत्येक जण ते एकट्याने केल्यासारखा जबाबदार. ‘सर्वांचा समान उद्देश पार पाडण्यासाठी’ हे शब्द दहा वर्षांनी, १८७० मध्ये, मध्येच घुसवावे लागले. त्या चार-पाच शब्दांवर पुढची दीडशे वर्षं वकिलांची घरं चालली आहेत.

३ ऑगस्ट १९२३ ला कलकत्त्याच्या शांखारीटोला टपाल कचेरीत पोस्टमास्तर मागच्या खोलीत पैसे मोजत बसले होते. अंगणाकडच्या दारात काही माणसं आली, पैसे मागितले आणि लगेच गोळ्या झाडल्या. पोस्टमास्तर जागेवर गेले. पैसे न घेताच सगळे वाट फुटेल तिकडे पळाले. पाठलागात एकच सापडला, बारेंद्रकुमार घोष, हातात पिस्तूल. त्याचं म्हणणं, मी बाहेर अंगणात उभा होतो, घाबरलो होतो, गोळी मी झाडली नाही. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. लॉर्ड समनर यांनी हा बचाव खरा धरला तरी काही बिघडत नाही असं ठरवलं, आणि मिल्टनने स्वतःच्या आंधळेपणावर लिहिलेल्या सुनीताची शेवटची ओळ, ‘जे नुसते उभे राहून वाट पाहतात तेही सेवाच करतात’, अंगणात उभ्या राहणाऱ्यांना लावली. ईश्वरसेवेबद्दलची ओळ दरोड्याच्या निकालात! चपखल आहे, नाही असं नाही. पण फाशीच्या निकालात इतकं सुभाषित सुचावं याने मी दर वेळी जरा अस्वस्थ होतो.

वीस वर्षांनी त्याच प्रिव्ही कौन्सिलने लगाम ओढला. सिंधू नदीकाठी बोरू तोडण्यावरून तंटा झाला. मदतीला धावून आलेल्या दोघांनी दोन वेगवेगळ्या माणसांवर बंदुका झाडल्या, एक मेला, एक जखमी झाला. ज्याच्या गोळीने माणूस मेला तो फरार. दुसऱ्याला, महबूब शाहला, खालच्या न्यायालयांनी खुनासाठी दोषी धरलं होतं. १९४५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने त्याला त्या खुनातून सोडवलं: दोघांच्या मनात एकसारखा उद्देश असणं वेगळं आणि दोघांचा मिळून एक उद्देश असणं वेगळं. शेजारी शेजारी पेटलेल्या दोन चुली म्हणजे एक चूल नव्हे. तेवढ्यापुरता कायदा हातापासून मनापर्यंत पोचला होता.

पण मन दिसत नाही आणि गर्दी दिसते. गर्दीसाठी संहितेत कलम १४९ होतं, आता १९०. फिर्यादीच्या मराठीत ‘गैरकायद्याची मंडळी जमवून’. तिथे पाच माणसं लागतात. त्यामुळे ग्रामीण फिर्यादीत चार आरोपी असले की पाचव्याचा शोध सुरू होतो, आणि बचावाचा वकील एकाला तरी बाहेर काढून पाचाचे चार करायच्या मागे लागतो. मंडळीत असल्याचं ठरलं की स्वतः हात उचलल्याचं दाखवावं लागत नाही. हे ठामपणे सांगणारा १९६४ चा मसाल्टी खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आपल्याच सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी लिहिला. शेकडो डोळे, डझनावारी आरोपी, मग विश्वास कुणावर ठेवायचा? उच्च न्यायालयाने चार साक्षीदारांनी एकच हकीकत सांगितलेली असावी अशी कसोटी लावली होती. ती यांत्रिक आहे हे गजेंद्रगडकरांनी मान्य केलं, तरी अविवेकी म्हणता येणार नाही असं ठरवलं. गावात दोन तट असतील तर चार साक्षीदार मिळायला किती वेळ लागतो, हे गावात राहिलेल्याला सांगायला नको.

एकाच्या शब्दाला दुसऱ्याचा हात किती चिकटवायचा, यावर इंग्लंडने तर एक पोरगा फासावर दिला. १९५२ च्या नोव्हेंबरात क्रॉयडनमधल्या एका गोदामाच्या छपरावर दोघे चोरीसाठी चढले. क्रिस्टोफर क्रेग सोळा वर्षांचा, हातात पिस्तूल. डेरेक बेंटली एकोणीसचा, अकलेने जेमतेम अकराचा. पोलिसाने बेंटलीला धरलं. त्यानंतर तो क्रेगला उद्देशून जे ओरडला असं पोलीस म्हणाले, त्याला मराठीत ‘दे त्याला’ यापेक्षा नेमका शब्द नाही, कारण आपलंही ‘दे त्याला’ दोन्हीकडे जातं: पिस्तूल देऊन टाक, किंवा हाण. (दोघांनीही हे शब्द नाकारले होते.) सुमारे पाव तासाने क्रेगच्या गोळीने दुसरा पोलीस मेला. बेंटली तोवर पोलिसांच्या ताब्यातच होता. क्रेगचं वय फाशीला कमी पडलं. बेंटलीला २८ जानेवारी १९५३ ला फाशी झाली. दोषसिद्धी रद्द झाली ती १९९८ मध्ये. पुढे २०१६ मध्ये जोगी खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने कबूल केलं की साथीदारांच्या बाबतीत आपला कायदा तीसेक वर्षं चुकीच्या वळणावर गेला होता: सोबतचा माणूस काय करील याची कल्पना असणं म्हणजे ते व्हावं अशी इच्छा असणं नव्हे. आपल्याकडे मात्र गैरकायद्याच्या मंडळीच्या कलमात ‘घडण्याचा संभव आहे हे माहीत होतं’ एवढंच पुरतं, आणि नवी संहिता आणतानाही ते तसंच उचललं गेलं.

साथीदाराची आणखी एक तऱ्हा आहे, माफीचा साक्षीदार. पुरावा कायदा त्याला एकीकडे अविश्वसनीय म्हणतो, दुसरीकडे त्याच्याशिवाय कट उलगडत नाही. गांधीहत्येच्या खटल्यात पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला. त्याचा नोकर शंकर किस्तय्या मालकामागे दिल्लीला गेला होता. त्याला लाल किल्ल्यातल्या न्यायालयाने १० फेब्रुवारी १९४९ ला जन्मठेप दिली. काही महिन्यांनी उच्च न्यायालयाने त्याला सोडलं, हे बरं झालं. पण ते काही महिने मला त्या खटल्यातल्या गोडसेच्या निवेदनापेक्षा जास्त आठवतात. मालकाला ठाऊक होतं म्हणून त्याच्याजवळ विकायला काहीतरी होतं. नोकराजवळ काहीच नव्हतं.

परवा एका सत्र न्यायालयात मागच्या बाकावर बसलो होतो. बांधाचंच प्रकरण. पिंजऱ्यात चौघे, तिसरा वीस-बावीसचा, चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखा भाव. साक्षीदार सांगत होता, याने पकडून धरलं. बचावाचे वकील उठले. आवाजही चढवला नाही.

“कुठला हात धरला? डावा की उजवा?”

साक्षीदार गप्प. त्याने नकळत स्वतःचे दोन्ही हात पुढे करून पाहिले.

“पुढून धरला की मागून?”

न्यायाधीशांनी लघुलेखकाकडे पाहिलं. त्याने टंकलं: ‘मला आता सांगता येणार नाही.’